बावीस वर्षांनी थ्री नॉट थ्री पुन्हा हाती घेताना

दादरच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ५६. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.मध्ये त्यांनी तीन वर्षे नेमबाजी केली, त्यानंतर रायफल हाती घेतली नाही. वडील सैन्यातून निवृत्त झालेले; त्यांच्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ली-एनफील्ड नंबर १ मार्क ३, म्हणजे आपली जुनी थ्री नॉट थ्री, परवान्यावर होती आणि ती आता रीतसर वारसा हक्काने यांच्या नावावर झाली आहे. गेल्या बावीस वर्षांत तिच्यातून एकही गोळी सुटलेली नाही. रायफल वापरण्याजोगी आहे का, मुंबईत तिने टार्गेटवर नेम साधता येईल का आणि या वयात सुरुवात कुठून करावी, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

गेली तीस वर्षे मी नेमबाजी शिकवतो आणि जुन्या लष्करी रायफली तपासून देतो. त्या अनुभवावरून माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. या रायफलीत पहिले काडतूस भरण्याआधी आपण निदान चार महिने घरी काडतुसाविना आणि क्लबमध्ये .२२ रायफलीवर सराव करावा. रायफल दुरुस्त करून घेता येते, काडतुसे परवानगीने मिळवता येतात; पण मधल्या तीन-चार दशकांत जी नजर, जो श्वास आणि जे बोट बदलले आहे, ते फक्त सरावाने जागेवर येते, आणि थ्री नॉट थ्रीची दुर्मीळ काडतुसे त्यासाठी खर्च करणे योग्य नाही.

पहिले काम कपाट उघडण्याचे नसून परवाना नीट वाचण्याचे आहे. .३०३ हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) आहे. सैन्याचे काडतूस चालेल अशी रायफल नागरिकाच्या हाती असू नये, हे धोरण ब्रिटिश काळापासूनचे, आणि म्हणूनच ली-एनफील्डच्याच घडणीची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल ईशापूरला नागरिकांसाठी बनू लागली. दोन्ही रायफली दिसायला इतक्या जवळच्या आहेत की अनेक घरांत .३१५ लाच पिढ्यान्‌पिढ्या थ्री नॉट थ्री म्हटले जाते. आपली रायफल नक्की कोणती, हे नळीवरचा छाप आणि परवान्यावरचा बोअर ताडून पाहावे, कारण दोघींची काडतुसे वेगळी आहेत आणि एकीचे काडतूस दुसरीत घालणे जिवावर बेतू शकते. रायफल खरोखरच .३०३ असेल तर तिच्या परवान्याचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतला. सर्वसाधारण परवान्यांसाठी मुंबईत पोलीस आयुक्तांचे कार्यालय असते. परवान्याची मुदत (२०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पाच वर्षांची झाली), तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे, कोणत्या कारणासाठी दिला आहे आणि किती काडतुसे बाळगता येतात, या चार नोंदी वाचल्याशिवाय रायफल घराबाहेर काढू नये. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा सराव मध्येच थांबेल हेही गृहीत धरावे.

आता रायफलीकडे वळू. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका घरातून माझ्याकडे अशीच एक रायफल आली होती. वरून तिची निगा उत्तम होती, लाकूड चकाकत होते, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) लोण्यासारखा सरकत होता. बोल्ट काढून नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली तर पलीकडचे काहीच दिसेना. तोंडापासून चार बोटे आत कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते, सुकून विटेसारखे कडक झालेले. त्या नळीत गोळी सुटली असती तर नळी फाटली असती आणि झाडणाऱ्याचा डावा हात आणि चेहरा त्यात सापडला असता. म्हणून कितीही स्वच्छ दिसणारी रायफल असो, आधी बोल्ट बाहेर, मग नळीतून आरपार उजेड पाहणे आणि मग पुल-थ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चार बाय दोन इंचांची चिंधी लावून ती ओढणे. एन.सी.सी.तला हा क्रम आपल्या हातांना आठवेल. पहिल्या दोन-चार चिंध्या काळ्या-तपकिरी निघतील; पाचवी-सहावीही तांबूस गंजाची निघत राहिली, तर आत खड्डे पडले आहेत असे समजावे. थोडे खड्डे असलेली नळीही चांगला ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) देऊ शकते. मला त्याहून जास्त चिंता नळीच्या तोंडाची वाटते. पुल-थ्रूची दोरी वर्षानुवर्षे एकाच बाजूला घासून ओढली गेली की तोंडाची गोलाई एका अंगाने झिजते, आणि तशी नळी कितीही घासूनपुसून ठेवली तरी नेम विखुरलेलाच राहतो.

यापुढची तपासणी घरी करण्याची नाही. ती परवानाधारक बंदूक-कारागिराकडून गेज (अंतर तपासण्याचे माप) लावूनच करून घ्यावी. ली-एनफील्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो आणि काडतूस आपल्या कडेवर, म्हणजे रिमवर, बसते. बोल्टचे तोंड आणि रिमची बैठक यांमधले अंतर साधारण ०.०६४ ते ०.०७४ इंच या मर्यादेत असावे लागते. ते वाढले असेल तर काडतुसाचे पितळ गोळी सुटताना मागे ताणले जाते आणि बुडापासून तुटू शकते. बोल्टच्या मुठीमागे कोरलेला क्रमांक आणि रायफलीच्या बॉडीवरचा क्रमांक एकच आहे का, हे मात्र आपण स्वतः आजच पाहू शकता. ते वेगळे असतील तर बोल्ट कधीतरी बदलला गेला आहे, आणि गेज लागेपर्यंत ती रायफल झाडण्याचा विचारही करू नये. कारागिराला ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू आणि लाकडी फोरएंडची, म्हणजे नळीखालच्या लाकडाची, बैठकही पाहायला सांगावी. मुंबईच्या पावसाळ्यात हे लाकूड फुगते, दिवाळीनंतर आकसते आणि नळीवरचा त्याचा दाब बदलतो. जूनमधला ग्रुप आणि जानेवारीतला ग्रुप वेगवेगळ्या जागी पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. लाकडाला उकळलेले जवसाचे तेल अगदी पातळ हाताने, दोन-तीन दिवसांच्या अंतराने चोळावे. पॉलिश लावू नये.

वडिलांच्या ट्रंकेत रायफलीबरोबर काडतुसेही निघाली असतील, तर ती वापरण्याचा मोह टाळावा. पितळ कळकले असेल, मानेला चीर गेली असेल, गोळी बोटाने हलत असेल, तर अशी काडतुसे परवानाधारक विक्रेत्याच्या सल्ल्याने रीतसर जमा करावीत. चांगली दिसणारी जुनी काडतुसेही दगा देतात: ट्रिगर ओढल्यावर नुसताच 'टक' आवाज येतो आणि क्षणभराने गोळी सुटते. यालाच हँगफायर म्हणतात. 'टक' झाले की रायफलीचे तोंड टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचे, बोल्टला हात लावायचा नाही. माझ्या समोर एका अनुभवी नेमबाजाने सवयीने लगेच बोल्ट उघडायला हात नेला होता. मी त्याचे मनगट धरले आणि त्याच क्षणी गोळी सुटली. तो आवाज मला आजही आठवतो. रिकाम्या काडतुसांत घरीच दारू भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, परवान्याविना तो गुन्हा आहे.

जुन्या लष्करी काडतुसांबद्दल आणखी एक गोष्ट, जी मुंबईकरांनी विशेष लक्षात ठेवावी. त्यांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असते आणि ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचे मीठच, उरते. मीठ तेलात विरघळत नाही. नुसते तेल पुसून रायफल ठेवली तर ते मीठ तेलाखाली आपल्या दमट हवेतले पाणी ओढत राहते. माझ्या एका विद्यार्थ्याने जुलैत रविवारी सराव केला, प्रामाणिकपणे तेल लावले आणि बुधवारी नळी उघडली, तेव्हा चिंधी विटकरी रंगाची निघाली. यावर उपाय जुनाच आहे आणि सैन्यातही तोच होता: उकळते पाणी. बोल्ट काढून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागी, नरसाळे लावून अर्धा-पाऊण लिटर पाणी नळीतून ओतायचे. पाण्याने मीठ धुऊन जाते आणि तापलेले लोखंड स्वतःच कोरडे होते. मग सुक्या चिंध्या, आणि शेवटी चार बाय दीड इंचांच्या चिंधीने तेल. बोल्टचे तोंडही असेच धुवावे, ते बहुतेक जण विसरतात. रेंज शहराबाहेर असेल तर परतीच्या प्रवासातच चार तास जातात, म्हणून थर्मासमध्ये उकळते पाणी बरोबर न्यावे. घरी रायफल चामड्याच्या किंवा स्पंज लावलेल्या पेटीत ठेवू नये, दोन्ही ओल धरतात. कुलूपबंद लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, तोंड खाली करून उभी ठेवावी, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

जागेचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो, कारण पर्याय फार नाहीत. शहरातल्या क्लबांच्या १० आणि ५० मीटरच्या रेंज एअर रायफल आणि .२२ साठी आहेत. तिथे थ्री नॉट थ्री झाडता येणार नाही. मोठ्या बोअरचा सराव पुरेसा उंच बट (गोळ्या अडवणारा मातीचा बांध) असलेल्या लष्करी किंवा पोलीस रेंजवर, लेखी परवानगीने आणि बहुधा राज्य संघटनेमार्फतच होतो. राष्ट्रीय स्पर्धांत ३०० मीटरचा मोठ्या बोअरचा प्रकार आहे, पण त्यात बहुतांश खेळाडू सेनादलांचे असतात. कर्जत-मुरबाडकडे स्वतःचे शेत आहे, तिथे डोंगराकडे तोंड करून चार गोळ्या झाडू, असे अनेक जण विचारतात. याला माझे उत्तर ठाम नकार असेच आहे. या काडतुसाची गोळी तीन किलोमीटरहून लांब जाऊ शकते, दगडावर आपटून दिशा बदलते, आणि ते बेकायदेशीर आहे. वर्षातून दोन-तीन वेळा परवानगी मिळाली तरी आपल्याला पुरेल. उरलेल्या वेळेसाठी आपण महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी संलग्न क्लबचे सदस्य व्हावे. वरळीच्या ज्या रेंजवर अंजली भागवत घडल्या, त्या मुळात दादरच्या कीर्ती महाविद्यालयातल्या एन.सी.सी. कॅडेट होत्या, आणि आपणही त्याच वाटेने आलेले आहात.

आता माणसाकडे येतो. पंचावन्नच्या पुढे सगळ्यात आधी दगा देते ती नजर. नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी दिसतात: डोळ्याकडच्या बॅकसाइटची खाच, नळीच्या तोंडाजवळच्या फोरसाइटचे पाते आणि टार्गेट. तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, विसाव्या वर्षीही दिसत नव्हत्या. पण तेव्हा नजर तिन्हींमध्ये इतक्या झटकन फिरत असे की ते जाणवत नसे. आता एकच निवडावी लागेल, आणि ती म्हणजे फोरसाइट. टार्गेटचा काळा गोळा धूसर दिसू द्यावा. यामागचे गणित एकदा समजून घेतले की मन मान्य करते. आपल्या रायफलीवर दोन साइट्समधले अंतर साधारण १९ इंच आहे. पाते खाचेत अर्धा मिलिमीटर जरी डावीकडे राहिले, तरी १०० मीटरवर गोळी सुमारे १० सेंटीमीटर डावीकडे जाते आणि ३०० मीटरवर ३० सेंटीमीटर. याउलट टार्गेट थोडे धूसर दिसल्याने होणारी चूक फार लहान असते. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा इथे चालत नाही, कारण गाल दस्त्यावर टेकला की आपण काचेच्या भलत्याच भागातून पाहतो. नेत्रतज्ज्ञाकडून फक्त नेमबाजीसाठी एकाच नंबरची काच करून घ्यावी. दूरच्या नंबरात अधिक ०.५० ते ०.७५ डायॉप्टरची भर बहुतेकांना पुरते. डोळ्यापासून फोरसाइटपर्यंतचे अंतर साधारण ९० सेंटीमीटर भरते. रायफल दवाखान्यात नेण्याचा प्रश्नच नाही, पण तेवढ्या लांबीची काठी न्यावी, तिच्या टोकाला काळी टाचणी खोचावी आणि ती टाचणी कोणत्या काचेने लख्ख दिसते हे तिथेच ठरवावे.

फोरसाइटचा आणखी एक बारकावा आहे. घासून घासून पात्याचा काळा रंग गेलेला असतो आणि आपल्याकडच्या उन्हात ते एका बाजूने चमकते. डोळा त्या चमकत्या कडेलाच पात्याचे टोक समजतो आणि सगळा ग्रुप उन्हाच्या विरुद्ध बाजूला सरकतो. जुने नेमबाज यासाठी कापूर वापरत, आणि मी आजही तेच करतो. बोल्ट काढलेल्या रायफलीचे पाते जळत्या कापराच्या धुरावर चार-पाच सेकंद धरले की त्यावर मखमलीसारखी काजळी बसते आणि पाते शाईने काढल्यासारखे दिसू लागते. तिला बोट लागू देऊ नये.

घरचा सराव चार महिने, आठवड्यातून चार दिवस, पंधरा मिनिटांचा असावा. त्याहून जास्त करू नये, कारण थकलेले शरीर चुकाच पाठ करते. काडतुसे त्या खोलीत नसावीत, रायफल तीनदा उघडून पाहावी आणि चेंबरमध्ये डमी (नकली काडतूस) घालावी. तोंड खिडकीकडे कधीही नको, पडदे ओढलेले असावेत; समोरच्या इमारतीतल्या माणसाला आत काय चालले आहे हे ठाऊक नसते. भिंतीपासून तीन मीटरवर सतरंजी टाकावी आणि भिंतीवर ६ मिलिमीटर व्यासाचा काळा ठिपका लावावा. ३०० मीटरच्या टार्गेटचा काळा भाग ६०० मिलिमीटरचा असतो, तो एवढ्या अंतरावर बरोबर इतकाच दिसतो. प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर, पडून, स्लिंग (रायफलीचा पट्टा) दंडात अडकवून ठिपक्याखाली नेम धरावा. मग डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. पाते ठिपक्याच्या डावीकडे गेलेले दिसले तर हातांनी ते ओढून आणू नये, डावे कोपर खिळ्यासारखे जागेवर ठेवून कमरेपासून पाय थोडे सरकवावेत. स्नायूंनी ओढून धरलेला नेम ट्रिगर सुटण्याच्या क्षणी मूळ जागी परततो, आणि बहुतेक 'कारण न कळणाऱ्या' चुका इथेच जन्मतात.

ट्रिगरचा भाग मी सर्वांत जास्त वेळ घेऊन शिकवतो. आजच्या एअर रायफलचा ट्रिगर काही तोळ्यांच्या भाराने सुटतो. आपल्या रायफलीचा दोन टप्प्यांचा आहे, आणि दुसऱ्या टप्प्याला अडीच-तीन किलोचा भार लागतो, तोही जेमतेम चार किलोच्या रायफलीवर. पहिला दाब श्वास सोडता सोडता घ्यावा, श्वास अर्धा बाहेर असताना थांबावे आणि दुसरा दाब पाच ते आठ सेकंदांत हळूहळू वाढवत न्यावा. तेवढ्यात सुटला नाही तर बोट काढून पुन्हा श्वास घ्यावा; त्यापुढे डोळ्यापुढचे चित्र आधी धुरकट होते आणि मग मन घाईला येते. फोरसाइटच्या मागे हँडगार्डच्या लाकडावर एक रुपयाचे नाणे ठेवून ट्रिगर ओढण्याचा एन.सी.सी.तला जुना सराव पुन्हा सुरू करावा. पहिल्या आठवड्यात नाणे दहापैकी सात वेळा पडेल. सलग वीस वेळा ते टिकू लागले की बोट परत आले, असे मी मानतो. ट्रिगर सुटला त्या क्षणी पाते नेमके कुठे होते, हे दरवेळी मोठ्याने बोलावे.

याच काळात आठवड्यातून एकदा क्लबमध्ये ५० मीटरवर .२२ झाडावी. त्या टार्गेटचा दहाचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा आहे. तो क्षमा करत नाही आणि धक्काही देत नाही, त्यामुळे चूक आपली की धक्क्याच्या भीतीची, हे लगेच कळते. मान मागे ताणून प्रोनमध्ये पडणे मणक्याच्या त्रासात अवघड जाते, म्हणून मानेत कळ येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि नीलिंगवर, म्हणजे गुडघा टेकून झाडण्यावर, भर द्यावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या सरावाच्या दिवशीही चुकवू नयेत.

पहिल्या दिवशी फक्त पंधरा काडतुसे न्यावीत आणि १०० मीटरवरच झाडावीत. कानांत प्लग आणि वर मफ, दोन्ही हवेत. धक्क्याची म्हणून जी भीती वाटते ती अर्धी आवाजाची असते. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट ओढून धरावा. बोल्ट पूर्ण जोराने मागे आणि पूर्ण जोराने पुढे न्यावा, कारण या रायफलीचा स्ट्रायकर (काडतुसावर आघात करणारी कांडी) बोल्ट बंद होताना ताणला जातो आणि भित्रेपणाने बंद केलेला बोल्ट अर्धवट राहतो. पाच गोळ्यांचे तीन ग्रुप घ्यावेत, प्रत्येक ग्रुपनंतर नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे, आणि थंड नळीतून गेलेल्या पहिल्या गोळीची खूण वेगळी ठेवावी. बॅकसाइटवरचे सर्वांत खालचे अंतर २०० यार्डांचे आहे, त्यामुळे १०० मीटरवर गोळ्या नेमापेक्षा वर लागतील. तो दोष नाही. पाच भोके आठ-दहा सेंटीमीटरच्या गोलात बसली, तर वडिलांची रायफल उत्तम आहे आणि आपणही. ती भोके कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात आहेत, याची त्या दिवशी चिंता नको. कागदावर तारीख, काडतुसाच्या बुडावरचे वर्ष, उन्हाची दिशा आणि प्रत्येक गोळीबद्दल कागद पाहण्याआधी आपण काय बोलला होता, ते लिहून ठेवावे. अशा तीन दिवसांचे कागद एकावर एक धरून उजेडाकडे पाहावेत, आणि तिन्ही ग्रुप एकाच जागी दिसले तरच कारागिराला फोरसाइट सरकवायला सांगावी.